जुन्या स्पोर्ट्स कारची म्युझिक सिस्टीम: सुरुवात दारापासून, एकही वायर न कापता

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात जुन्या स्पोर्टी गाड्या जीव लावून सांभाळणारे लोक आहेत. कुणाकडे शेजारच्या गोव्यात बनलेली फायबर बॉडीची सॅन स्टॉर्म, कुणाकडे फियाटची पॅलिओ जीटीएक्स, मित्सुबिशीची सेडिया, नाहीतर स्कोडाची पहिली ऑक्टाव्हिया आरएस. इंजिन आणि टायरवर सढळ हाताने खर्च होतो, पण गाण्यांची वेळ आली की मोठी टचस्क्रीन बसवून विषय संपवला जातो. आवाज मात्र होता तसाच राहतो. दारातला कागदी कोनचा जुना स्पीकर आणि त्यामागचं पोकळ दार, दोन्ही तशीच असतात.

पैसे मोजके असतील तर क्रम असा ठेवा: आधी दारं आणि पुढचे स्पीकर, मग हेड युनिट (डॅशबोर्डमधला रेडिओ-प्लेअर), मग अ‍ॅम्प्लिफायर, आणि सबवूफर (फक्त बास वाजवणारा स्पीकर) सगळ्यात शेवटी. त्यातही कंपनीची एकही वायर कापायची नाही आणि डॅशबोर्डला करवत लावायची नाही. जुन्या गाडीला भाव मिळतो तो ती मूळ रूपात असेल तर. काढलेलं युनिट, स्पीकर, स्क्रू, क्लिपा असं सगळं एका खोक्यात चिठ्ठी लावून ठेवा, म्हणजे विकताना एका दिवसात जसंच्या तसं परत बसवता येतं.

उघडण्याआधी

पाना हातात घेण्यापूर्वी जुन्या युनिटचा सिक्युरिटी कोड शोधून ठेवा. होंडा, स्कोडा यांच्या बऱ्याच जुन्या युनिटना बॅटरी सुटली की कोड लागतो, आणि तो सहसा गाडीच्या पुस्तिकेत किंवा तिच्यासोबतच्या कार्डावर असतो. मग चावी काढून बॅटरीची मायनस तार सोडवा आणि एअरबॅग असलेल्या गाडीत किमान दहा मिनिटं थांबा. डॅशबोर्डखाली पिवळ्या आवरणाची वायर किंवा पिवळं कपलर दिसलं तर ते बहुधा एअरबॅगचं असतं. ते सोडवू नका आणि त्याला मल्टिमीटरही लावू नका.

जुनं प्लास्टिक उन्हातान्हात ठिसूळ झालेलं असतं. डिसेंबर-जानेवारीत सकाळी लवकर हे काम काढलं तर पट्ट्या हमखास तुटतात. गाडी तासभर उन्हात ठेवा किंवा हेअर ड्रायरने पट्टी कोमट करा आणि मगच प्लास्टिकच्या पट्टीने उचका. लोखंडी स्क्रू ड्रायव्हरने उचकलं की डॅशबोर्डवर कायमचा व्रण उमटतो. दाराच्या पॅडच्या क्लिपा दहा-बारा जास्तीच्या आणून ठेवा, कारण जुन्यातल्या काही तुटणारच.

हेड युनिट

डिन म्हणजे युनिटच्या खाचेचं ठरलेलं माप: सिंगल डिन खाच १८० बाय ५० मिमी, डबल डिन १८० बाय १०० मिमी. रुंदी-उंचीचा प्रश्न सहसा येत नाही, अडतं ते खोलीपाशी. सीडीवाल्या युनिटचा डबा साधारण १६० मिमी खोल असतो आणि मागे कपलर व अँटेनाच्या पिनेसाठी आणखी चार-पाच सेंटिमीटर लागतात. जुन्या गाडीत नेमकी त्याच जागी एसीची नळी किंवा हीटरची केबल आडवी येते. जोर लावून ढकलल्यास केबल दबते आणि मग हीटरचा खटका जड होतो. सीडी नसलेलं आखूड युनिट घेतलं तर हा त्रास राहत नाही.

स्वस्त अँड्रॉइड स्क्रीनपेक्षा नावाजलेल्या कंपनीचं सिंगल डिन युनिट या गाड्यांना जास्त शोभतं आणि आवाजही त्याचाच चांगला. घेताना तीन गोष्टी बघा: चार व्होल्टचे प्रीआउट (अ‍ॅम्प्लिफायरला सिग्नल देणारे सॉकेट), आत डीएसपी (आवाज जुळवणारी चिप) आणि प्रत्येक स्पीकरला वेगळा टाइम डिले (आवाज किंचित उशिरा सोडण्याची सोय). धारवाड आकाशवाणी ७६५ किलोहर्ट्झवर ऐकणारं कुणी घरात असेल तर मध्यम लहर (एएम) आहे ना, तेही विचारा. पुष्कळ स्वस्त स्क्रीनमध्ये फक्त एफएम असतं. खोक्यावर '५० वॅट गुणिले ४' छापलेलं असलं तरी युनिटच्या आतल्या चिपमधून प्रत्येक चॅनलला स्वच्छ आवाजात १५ ते २० वॅट आरएमएसच (सलग मिळणारी खरी ताकद) मिळतात. हिशेब नेहमी आरएमएसवर करा.

वायरिंगसाठी गाडीच्या कपलरला बसणारा तयार हार्नेस (वायरांचा जुडगा) अ‍ॅडॉप्टर आणा. नव्या युनिटच्या वायरांचे रंग बहुतेक ठरलेले असतात. पिवळी वायर कायमच्या बारा व्होल्टची, लाल चावीबरोबर चालू होणारी, काळी अर्थिंगची. निळी पॉवर अँटेनाची, निळी-पांढरी अ‍ॅम्प्लिफायर चालू करणारी, नारिंगी दिव्यांबरोबर उजळणारी. स्पीकरमध्ये पांढरी पुढची डावी, करडी पुढची उजवी, हिरवी मागची डावी, जांभळी मागची उजवी. प्रत्येक जोडीत काळी रेघ असलेली वायर मायनस. गाडीच्या बाजूच्या रंगांवर मात्र विसंबू नका. गाडी तीन-चार हातांतून गेली असेल तर तिथे कुणी काय जोडून ठेवलंय ते मल्टिमीटरच सांगेल.

ऑक्टाव्हियासारख्या फोक्सवॅगन घराण्यातल्या गाड्यांत आणखी तीन ठिकाणी फसगत होते. त्यांच्या कपलरमध्ये ४ आणि ७ नंबरच्या पिना सामान्य आयएसओ (आंतरराष्ट्रीय प्रमाण) मांडणीच्या उलट असतात, त्यामुळे चावी काढली की युनिट लावलेली स्टेशनं विसरतं. नव्या हार्नेसच्या पिवळ्या आणि लाल वायरमध्ये बुलेट कनेक्टर असतात, ते आपसात बदलले की काम झालं. दुसरी अडचण अशी की त्याच कपलरातून गाडीचे दोष वाचणाऱ्या स्कॅनरची वायर जाते. ती चुकून नव्या युनिटला टेकली तर गॅरेजमध्ये स्कॅनर लागत नाही, म्हणून अ‍ॅडॉप्टरमध्ये ती पिन रिकामी असायला हवी. तिसरी गोष्ट छतावरच्या अँटेनाची. तिच्या बुडातल्या बूस्टरला वीज अँटेनाच्या केबलमधूनच जाते. मध्ये केबलमधूनच वीज देणारा फँटम पॉवरचा अ‍ॅडॉप्टर नसेल तर बेळगाव शहरातही एफएम खरखरतं आणि दोष उगाच युनिटला दिला जातो.

फार जुनी गाडी असेल तर नवं युनिट जोडण्याआधी ही चाचणी केल्याशिवाय पुढे जाऊ नका. काही जुन्या गाड्यांत दोन-दोन स्पीकरांची मायनस एकच असते किंवा मायनस थेट बॉडीला दिलेली असते. आजच्या युनिटची स्पीकर मायनस बॉडीला टेकलेली चालत नाही, आतली चिप जळते. जुनं युनिट काढल्यावर मल्टिमीटर बीपवर ठेवा. एक टोक स्पीकरच्या मायनसला आणि दुसरं बॉडीच्या उघड्या पत्र्याला लावा. मग डाव्या आणि उजव्या स्पीकरच्या मायनस एकमेकींशी तपासा. कुठेही बीप आला तर ती वायर वापरू नका, त्या स्पीकरपर्यंत नवी दुपदरी तांब्याची वायर ओढा.

सांधा पिळून वर इन्सुलेशन टेप गुंडाळणं बंद करा. उन्हात टेपचा चिकटा सुटतो, टेप सरकते आणि वायरी उघड्या पडतात. सोल्डर मारून वर हीट श्रिंक नळी घाला किंवा नीट क्रिम्प करा (धातूची नळी दाबून जोडा). शेवटी सगळ्या गुंत्यावर कापडी टेप गुंडाळली की डॅशबोर्डमागे खडखड होत नाही.

दारं आणि पुढचे स्पीकर

खरा फरक इथे पडतो, म्हणून हात आखडता घ्यायचा असेल तर दुसरीकडे घ्या. दाराचं पॅड काढा आणि स्पीकरच्या कडेचा फोम बोटाने हलकेच दाबा. भुगा होऊन हाताला लागला तर त्या स्पीकरचं आयुष्य संपलंय. आता दाराच्या बाहेरच्या पत्र्यावर बोटाने टिचकी मारा. रिकाम्या तेलाच्या डब्यासारखा आवाज येतो, आणि बासच्या प्रत्येक ठोक्याला हा पत्रा तसाच वाजत असतो.

आतल्या पत्र्यावर चिकटवलेला प्लास्टिकचा कागद पावसासाठी असतो. काच आणि रबराच्या फटीतून पाणी दारात उतरतंच, आणि हा कागद ते आत येऊ न देता खालच्या भोकांतून बाहेर सोडतो. कणकुंबी-जांबोटीकडचा पाऊस किंवा चोर्ला घाटातली जुलैची धार एकदा आठवा. फिटिंगवाल्याने कागद फाडून फेकून दिला तर गालिचा भिजतो, गाडीत कुबट वास बसतो आणि पायाखालचा पत्रा गंजू लागतो. कागदाचा काळा चिकट पट्टा ड्रायरने गरम करा, कागद अख्खा सोडवा आणि काम झाल्यावर नव्या ब्युटिल (चिकट रबर) पट्टीने परत लावा.

बाहेरच्या पत्र्याची आतली बाजू आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. धूळ किंवा मेणाचा थर राहिला तर पुढच्या एप्रिलपर्यंत शीट सुटून खाली कोसळते. अ‍ॅल्युमिनियम फॉइलचं २ मिमी जाडीचं ब्युटिल डॅम्पिंग शीट वापरा. स्वस्तात मिळणारं डांबरी शीट नको, ते उन्हाळ्यात वितळतं आणि वास मारतं. अख्खा पत्रा झाकायची गरज नाही. मधल्या मोकळ्या भागाचा चौथा हिस्सा ते अर्धा झाकला तरी पुरतं, पण स्पीकरच्या बरोबर मागची जागा सोडू नका. लाकडी रोलरने फॉइलवरची नक्षी सपाट होईपर्यंत दाबत राहा. नक्षी दिसतेय म्हणजे शीट अजून पूर्ण बसलेलं नाही. दाराच्या तळाची निचऱ्याची भोकं आणि काचेची सरकपट्टी यांच्या जवळपास शीटचा तुकडाही जाऊ देऊ नका.

मग आतल्या पत्र्यातली मोठी भोकं बंद करा. कोन मागे सरकतो तेव्हा मागच्या बाजूची हवा त्याच भोकांतून पुढे येते आणि बास मारून टाकते. मोठ्या भोकावर आधी पातळ अ‍ॅल्युमिनियम पत्रा बसवा आणि त्यावर शीट चिकटवा. काचेची मोटर असलेल्या जागेचा पत्रा स्क्रूने लावा, म्हणजे मोटर बिघडली तर सगळं ओरबाडावं लागत नाही. एवढं झालं की दार लावल्याचा आवाजच बदलतो आणि महामार्गावर ऐंशीच्या वेगात टायरची घरघरही कमी ऐकू येते. निपाणी-चिकोडी भागात उसाच्या ट्रॉल्यांनी उखडलेल्या रस्त्यांवर हा फरक जास्तच जाणवतो.

बहुतेक दारांत साडेसहा इंची, म्हणजे १६५ मिमीचा कंपोनंट सेट (मुख्य स्पीकर आणि उंच सुरांचा ट्वीटर वेगवेगळे) बसवता येतो, पण खोली आधी मोजा. काच पूर्ण खाली घ्या. शाडूच्या मातीचा गोळा नव्या स्पीकरच्या चुंबकावर लावून तो जागेवर धरा आणि काच वरखाली करून बघा. माती घासली तर जाडी वाढवणारी रिंग लागेल. चुंबक आणि काच यांत ५ मिमी अंतर राहिलंच पाहिजे. रिंग फार जाड झाली की स्पीकर पॅडच्या जाळीला आतून टेकतो, म्हणून पॅड लावून तेही तपासा.

तयार मिळणाऱ्या रिंगा बऱ्याचदा एमडीएफच्या (दाबलेल्या लाकडी भुशाच्या) असतात आणि आपल्या पावसात एमडीएफ दोन वर्षांत फुगतो. एचडीपीई प्लास्टिक किंवा अ‍ॅल्युमिनियमची रिंग करून घ्या. बेळगावकरांना इथे मोठी सोय आहे: उद्यमबागेत लेथ आणि कटिंगचं काम करणाऱ्यांची कमी नाही. पुठ्ठ्यावर नमुना कापा. बाहेरचा व्यास, आतला व्यास, जाडी आणि भोकांची जागा त्यावर लिहून द्या. आतल्या भोकाची मागची कड तिरकी घासून मागा, म्हणजे कोनमागची हवा कोंडत नाही. रिंग आणि पत्रा यांच्यात फोमची पट्टी घाला.

ऑक्टाव्हियात स्पीकर रिव्हेटने जोडलेले असतात. ड्रिल फक्त रिव्हेटच्या डोक्यावर चालवा, भोक मोठं करू नका. लोखंडाचा कीस व्हॅक्युमने पूर्ण काढा. राहिला तर तो दाराच्या तळाशी गंजतो किंवा नव्या स्पीकरच्या चुंबकाकडे ओढला जाऊन कॉइलमध्ये खरखर करतो. उघड्या पडलेल्या पत्र्याला झिंक प्रायमर लावा.

ट्वीटर आरशाच्या त्रिकोणात किंवा डॅशबोर्डच्या कोपऱ्यात बसवा. दोन्ही स्पीकरांना सूर वाटून देणारी क्रॉसओव्हरची डबी दारात ठेवू नका, पाण्याने तिची वाट लागते. ती डॅशबोर्डखाली बांधा. पॅड लावण्याआधी पोलॅरिटी तपासा. घड्याळातला दीड व्होल्टचा सेल घ्या, त्याचं प्लस स्पीकरच्या प्लस वायरला आणि मायनस मायनसला क्षणभर टेकवा. कोन बाहेर आला तर जोडणी बरोबर, आत गेला तर उलटी. दोन दारांपैकी एक उलटं जोडलं गेलं असेल तर गाणं मोठ्याने वाजतं, पण बास गायब होतो आणि गायक समोर उभा राहत नाही.

अ‍ॅम्प्लिफायर आणि अर्थिंग

चार चॅनल, प्रत्येकी ५० वॅट आरएमएस, क्लास डी (कमी वीज खाणारा प्रकार): या गाड्यांना एवढं पुरेसं आहे. तो पूर्ण ताकदीने चालला तर साधारण १८ अँपिअर घेतो, तेवढ्याच ताकदीचा क्लास एबी २५ च्या आसपास. जुन्या गाडीचा अल्टरनेटर बेताचाच असतो आणि त्यातून हेडलाइट, ब्लोअर, रेडिएटरचा पंखा असं सगळं चालवायचं असतं. म्हणून क्लास डी घ्या, उष्णताही कमी.

प्लसची वायर थेट बॅटरीपासून ओढा, १० चौरस मिमी, शुद्ध तांब्याची. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियम वायर सर्रास मिळते, आणि तेवढ्याच जाडीत तिचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त असतो. एक तार सुरीने खरवडा. आतून पांढरी निघाली तर परत करा. ३० अँपिअरचा फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत हवा. हा फ्यूज अ‍ॅम्प्लिफायरसाठी नसून वायरसाठी आहे. अपघातात ती वायर चेपून पत्र्याला टेकली तर गाडी पेटू नये, एवढंच त्याचं काम. फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून) जाताना भोकाला रबरी ग्रोमेट (कडी) लावा. प्लसची वायर गाडीच्या एका बाजूने न्या आणि गाण्याचा सिग्नल नेणारी आरसीए केबल दुसऱ्या बाजूने.

मायनसची वायर प्लसएवढीच जाड आणि शक्य तितकी आखूड ठेवा, अर्ध्या मीटरच्या आत. सीटच्या किंवा बेल्टच्या बोल्टला अर्थिंग देऊ नका. तिथे रंग आणि लॉकिंगचा चिकटा असतो, आणि ते बोल्ट सुरक्षेचे आहेत. पत्र्यावरचा रंग चकचकीत धातू दिसेपर्यंत घासा, क्रिम्प केलेला लग (वायरच्या टोकाची कडी) नट-बोल्टने आवळा आणि वरून ग्रीस लावा. तपासणी अशी: गाणं मोठ्याने चालू असताना मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा, एक टोक अ‍ॅम्प्लिफायरच्या मायनसला, दुसरं बॅटरीच्या मायनसला. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर सांधा कच्चा आहे. इंजिनाच्या आवाजाबरोबर वरखाली होणारी शिट्टी स्पीकरमधून येत असेल तर पहिला संशय इथेच घ्या.

सॅन स्टॉर्मसारख्या फायबर बॉडीच्या गाडीत बॉडी वीज वाहून नेत नाही, तिथे स्क्रू मारून काहीच मिळत नाही. हेड युनिट आणि अ‍ॅम्प्लिफायर दोघांच्याही मायनस स्वतंत्र वायरने बॅटरीपर्यंत न्या. अँटेनाच्या बुडालाही धातूचा आधार लागतो, म्हणून आतल्या बाजूने तिच्या नटाखाली अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा द्या आणि तो अर्थिंगला जोडा. नाहीतर कितीही चांगलं युनिट लावा, एफएम धड लागणार नाही.

आवाज जुळवणं

अ‍ॅम्प्लिफायरवरचा गेन म्हणजे व्हॉल्यूमचं बटन नव्हे, येणारा सिग्नल किती वाढवायचा ते तो ठरवतो. तो कानाने वाढवत गेलं की सिग्नल कापला जातो आणि ट्वीटर जळतो. स्पीकरच्या वायरी अ‍ॅम्प्लिफायरमधून काढा, सगळे फिल्टर आणि इक्वलायझर बंद करा, हेड युनिटचा आवाज तीन चतुर्थांशावर ठेवा आणि ५० हर्ट्झचा टोन वाजवा. साधा मल्टिमीटर याच कंपनांच्या आसपास बरोबर वाचतो. ५० वॅट गुणिले ४ ओहम म्हणजे २००, त्याचं वर्गमूळ साधारण १४. एसी व्होल्टवर १४ दिसेपर्यंत गेन हळूहळू फिरवा आणि तिथेच सोडा. मग स्पीकर जोडून हायपास फिल्टर (खालचे सूर अडवणारा) ८० हर्ट्झवर लावा.

टाइम डिले लावताना टेप घेऊन आपल्या कानापासून दोन्ही स्पीकरांचं अंतर मोजा. समजा उजवा ८० सेंटिमीटरवर आणि डावा १४० वर आहे. फरक ६० सेंटिमीटरचा. आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो, म्हणजे उजव्याला पावणेदोन मिलिसेकंद थांबवायचं. दोन सीटच्या गाडीत स्पीकर अंगाला खेटून असतात, त्यामुळे हा एक आकडा बदलला की गायक उजव्या दारातून उठून डॅशबोर्डच्या मध्यावर येतो. इक्वलायझरला हात त्यानंतर लावा, आणि तेव्हाही वाढवण्याआधी काही कमी करता येतं का ते बघा.

सबवूफर लागलाच तर सीटखालचा चपटा किंवा आठ इंची बंद पेटीतला निवडा. स्टेपनीची जागा त्यासाठी घालवू नका, चोर्ला घाटात पंक्चर झालं तर गाणं उपयोगी पडत नाही.

काम संपल्यावर गाडी बंद करून मल्टिमीटर १० अँपिअरवर ठेवा आणि बॅटरीची मायनस आणि तिची तार यांच्यामध्ये जोडा. मीटर जोडलेला असताना इंजिन सुरू करायचं नाही, फ्यूज उडेल. दारं लॉक करून अर्धा तास थांबा, कंट्रोल युनिटना झोपायला तेवढा वेळ लागतो. आकडा ५० मिलिअँपिअरच्या खाली आला पाहिजे. वर राहिला तर अ‍ॅम्प्लिफायरचा फ्यूज काढून बघा. त्याने आकडा पडला तर निळी-पांढरी वायर कायमच्या प्लसवर जोडली गेलीय. नाही पडला तर हेड युनिटची लाल वायर तपासा. गाडी आठवड्यातून एकदाच बाहेर निघणार असेल तर ही तपासणी झाल्याशिवाय डॅशबोर्डचे शेवटचे स्क्रू आवळू नका.